डॉ. सिडनी फार्बर : आजारी मुलांसाठी आयुष्य वेचणारा डॉक्टर



आपल्या शाळेत आठवड्यातून एकदा निळ्या गोळ्या वाटल्या जातात, हे तुम्हाला माहीत आहेच. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची ती गोळी. मुलं तोंड वाकडं करतात, कुणी खिशात लपवतं, कुणी डबा खाल्लाच नाही म्हणून सांगतं. आपणही समोर उभं राहून ती गिळायला लावतो आणि रजिस्टरमध्ये खूण करतो. रक्त वाढतं, अशक्तपणा जातो, एवढंच आपण मुलांना सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की तिला रक्ताचा कर्करोग झाला आहे आणि आई-वडील तिला घेऊन मुंबईला गेले आहेत. पुढच्या वर्षी ती परत आली तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला होता. पहिल्याच दिवशी एका मुलानं मला हळूच विचारलं, बाई, तिच्याजवळ बसलं तर आपल्याला पण होतं का? मी नाही म्हटलं, पण मला पुढे नीट समजावून सांगता आलं नाही. त्या संध्याकाळी मी वाचायला बसले. वाचता वाचता एका अमेरिकन डॉक्टरांच्या चरित्रापाशी पोहोचले आणि गंमत म्हणजे त्या चरित्रात आपली ती निळी गोळी भेटली, मुंबईचं परळ भेटलं आणि आंध्रातला एक मुलगाही भेटला.

ते डॉक्टर म्हणजे सिडनी फार्बर. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषधानं उतार पडू शकतो हे ज्यांनी पहिल्यांदा दाखवून दिलं, ते हे डॉक्टर. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

जन्म आणि बालपण

सिडनी फार्बर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरात झाला. त्यांचे आई-वडील पोलंडहून अमेरिकेत आलेले ज्यू. घरात एकूण चौदा भावंडं आणि सिडनी तिसरे. एवढ्या मोठ्या कुटुंबात पैशांची ओढाताण असणारच. पण वडिलांना शिक्षणाचं भारी वेड. ते घरी पाठ्यपुस्तकं आणायचे आणि जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवायचे. प्रत्येक मुलानं त्यातलं एक उचलायचं, वाचायचं आणि काय वाचलं ते सगळ्यांना नीट सांगायचं, असा घरचा शिरस्ता होता.

पालकांनो, इथे थोडं थांबू. या घरात खासगी शिकवणी नव्हती, वेगळी अभ्यासाची खोली नव्हती. जेवणाचं टेबल आणि ऐकणारे कान एवढंच होतं. वाचलेलं दुसऱ्याला समजावून सांगता येणं म्हणजेच ते समजणं, हे त्या वडिलांना कळलेलं होतं.

सिडनी व्हायोलिनही छान वाजवायचे. बफेलो विद्यापीठात शिकताना व्हायोलिन वाजवून त्यांनी शिक्षणाच्या खर्चाला हातभार लावला. १९२३ साली ते पदवीधर झाले.

बंद दार आणि लांबची वाट

त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पण त्या काळात अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांना सहजासहजी प्रवेश मिळत नसे. गुण चांगले असले तरी जात-धर्म आडवा यायचा. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मग या तरुणानं काय केलं? तो समुद्र ओलांडून जर्मनीला गेला. हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग इथं त्यानं वैद्यकीय शिक्षणाचं पहिलं वर्ष पूर्ण केलं, तिथं उत्तम गुण मिळवले आणि त्या बळावर अमेरिकेत परत येऊन बॉस्टनच्या हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. पुढच्या दारानं आत घेतलं नाही, म्हणून वळसा घालून ते त्याच घरात शिरले. १९२७ साली ते डॉक्टर झाले. १९२८ मध्ये त्यांचं लग्न झालं. त्यांच्या पत्नी नॉर्मा फार्बर या पुढे कवयित्री आणि बालसाहित्यिक म्हणून ओळखल्या गेल्या.

तळघरातले डॉक्टर

फार्बर यांनी निवडलेला विषय होता पॅथॉलॉजी, म्हणजे विकृतिशास्त्र. रोगानं शरीरात नेमका काय बदल झाला हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून कारण शोधायचं, असं हे शास्त्र. १९२९ साली बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात ते पहिले पूर्णवेळ पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजू झाले. शवविच्छेदनावरचं त्यांचं पुस्तक १९३७ मध्ये आलं.

त्यांची प्रयोगशाळा होती तळघरात. वरच्या मजल्यांवर मुलं दाखल व्हायची, उपचार घ्यायची. जी वाचायची नाहीत, ती खाली फार्बर यांच्या टेबलावर यायची. जवळजवळ वीस वर्षं हे काम त्यांनी केलं. नेहमी कोट, वास्कीट, टाय अशा कडक पोशाखात असणारा, फार न बोलणारा हा माणूस. लोकांना तो थोडा कोरडाच वाटायचा. पण रोज मुलांची शवं तपासणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेलं असेल?

हळूहळू त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. मेल्यानंतर कारण शोधण्यापेक्षा मूल जिवंत असताना काही करता आलं पाहिजे. वय चाळिशीच्या पुढे गेल्यावर त्यांनी तळघरातून वर यायचं ठरवलं. आपण पन्नाशीला आलो की म्हणतो, आता काय नवीन शिकायचं! फार्बर यांचं खरं काम सुरू झालं ते चव्वेचाळिसाव्या वर्षी.

ल्युकेमिया म्हणजे काय?

मुलांना समजेल असं सांगायचं तर, आपल्या हाडांच्या आत मऊसर गर असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्त तयार करण्याचा हा कारखाना. इथं तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका तयार होतात. ल्युकेमियात या कारखान्यात बिघाड होतो. अर्धवट वाढलेल्या, निकामी पांढऱ्या पेशी बेसुमार तयार होऊ लागतात. त्या इतकी जागा अडवतात की चांगल्या पेशींना वावच उरत नाही. मग मूल पांढरंफटक पडतं, सारखा ताप येतो, अंगावर निळसर डाग उठतात, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं, हाडं दुखतात.

दुसऱ्या ठिकाणी गाठ असेल तर शस्त्रक्रिया करून काढता येते. पण रक्त कुठून कापून काढणार? १९४७ पर्यंत तीव्र ल्युकेमिया झालेलं मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं. डॉक्टर रक्त चढवायचे, वेदना कमी करायचे आणि आई-वडिलांना मनाची तयारी करायला सांगायचे. बाकी हातात काहीच नव्हतं.

परळहून बॉस्टनपर्यंत

आता गोष्ट थोडी मागे आणि आपल्या घराकडे नेऊ. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या एक इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर बायकांना, विशेषतः गिरणी कामगारांच्या कुटुंबांतल्या गरीब बायकांना, जीवघेणा रक्तक्षय का होतो हे शोधण्याचं काम त्यांच्याकडे होतं. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी या बायकांच्या आहाराचा अभ्यास केला. शेवटी त्यांना आढळलं की मार्माइट नावाचं, यीस्टपासून केलेलं, पावाला लावून खायचं एक साधं चाटण दिलं की हा रक्तक्षय बरा होतो. त्यात काहीतरी रक्त वाढवणारं आहे, एवढं कळलं. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे ते काहीतरी म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड असल्याचं सिद्ध झालं. पालकासारख्या हिरव्या पालेभाज्यांत असतं ते हेच. आपल्या निळ्या गोळीचं मूळ असं परळच्या चाळींपर्यंत जाऊन पोहोचतं.

दुसरा धागा आहे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा. जन्म १८९५, आंध्रातल्या भीमवरमचा. घरची गरिबी आणि त्यात आजारपणानं जवळची माणसं गेलेली. मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १९२३ साली बॉस्टनला पोहोचले. शिकता शिकता पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीला हलकीसलकी कामंही केली. हार्वर्डमध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्रात मोठं संशोधन केलं, पण तिथं त्यांना कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं त्यांच्या चमूनं फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार करण्यात यश मिळवलं.

फार्बर यांना वाटलं, फॉलिक अ‍ॅसिडनं रक्त सुधारतं, तर ल्युकेमियाच्या मुलांनाही त्याचा उपयोग होईल. म्हणून त्यांनी काही आजारी मुलांना ते देऊन बघितलं. झालं उलटंच! रोग आणखी वेगानं वाढताना दिसला.

इथे एखादा माणूस खचून गेला असता आणि ते साहजिकच होतं. फार्बर यांनाही या चुकीचं ओझं वाटलं असणारच. पण त्यांनी त्या चुकीकडे नीट बघितलं. फॉलिक अ‍ॅसिडनं कर्करोगाच्या पेशी जोमानं वाढत असतील, तर त्यांना ते मिळूच दिलं नाही तर? म्हणजे त्यांचं खाणंच तोडलं तर?

सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत फॉलिक अ‍ॅसिडसारखी दिसणारी, पण त्याचं काम न करणारी रसायनं तयार होत होती. कुलपात चुकीची किल्ली घातली की ती अडकून बसते आणि मग खरी किल्लीही जात नाही, तसा हा प्रकार. पेशी फसते, ते खोटं फॉलिक अ‍ॅसिड घेते आणि तिची वाढ थांबते.

(एक गोष्ट मात्र मुलांना आणि पालकांना आवर्जून सांगा. आपल्या गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड निरोगी मुलांना गरजेचंच आहे. त्यानं कर्करोग होत नाही. वरची गोष्ट आधीच ल्युकेमिया झालेल्या मुलांची आहे.)

डिसेंबर १९४७

सुब्बाराव यांच्याकडून आलेल्या रसायनांपैकी एकाचं नाव होतं अ‍ॅमिनोप्टेरिन. १९४७ च्या डिसेंबरअखेर फार्बर यांनी ते बॉस्टनच्या एका दोन वर्षांच्या मुलाला द्यायला सुरुवात केली. मुलगा अगदी शेवटच्या टप्प्यावर होता. प्लीहा फुगलेली, चालता येत नाही, अशी अवस्था. काही दिवसांत त्याच्या रक्तातल्या वाढत चाललेल्या पांढऱ्या पेशी थांबल्या आणि मग कमी होऊ लागल्या. पोटाची सूज उतरली. तो खाऊ लागला, चालू लागला. ल्युकेमियाच्या मुलाला असं उठून चालताना आधी कुणी पाहिलं नव्हतं.

पण हा आनंद फार टिकला नाही. काही महिन्यांनी रोग उलटला आणि १९४८ मध्येच ते बाळ गेलं.

रुग्णालयातल्या अनेक डॉक्टरांना फार्बर यांचं हे काम पटत नव्हतं. मुलं मरणारच आहेत तर त्यांना सुया टोचून, विषारी औषधं देऊन आणखी त्रास का द्यायचा, निवांत जाऊ द्यावं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला आज फार्बर बरोबर वाटतात, कारण पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. पण त्या दिवशी त्या वॉर्डात उभं राहून विचार करा. ते विरोधक निर्दय नव्हते, त्यांनाही मुलांचाच कळवळा होता. औषधानं तोंडात फोड यायचे, उलट्या व्हायच्या. आणि हाती काय लागायचं? काही आठवडे, काही महिने. ते काही महिने आई-बापांसाठी मोलाचे की मुलासाठी त्रासाचे? याचं सोपं उत्तर नाही आणि वरच्या वर्गांत यावर चर्चा जरूर घ्यावी.

३ जून १९४८ रोजी फार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सोळा मुलांना औषध दिलं, त्यांपैकी दहा मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली. ही सुधारणा तात्पुरती आहे हे त्यांनी निबंधाच्या नावातच सांगून टाकलं. मला हा त्यांचा फार मोठा गुण वाटतो. आशा दाखवली, पण ती फुगवून दाखवली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव यांचं निधन झालं. वय अवघं त्रेपन्न. आपल्या रसायनानं पुढे किती मुलं वाचणार आहेत, हे त्यांना बघायला मिळालं नाही. त्यांचं नाव आजही पुष्कळांना माहीत नाही.

जिमी आणि बॉस्टन ब्रेव्ह्ज

संशोधन करायचं तर पैसा हवा. मुलांचा कर्करोग हा तेव्हा कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. फार्बर यांच्या मदतीला आली ती सिनेमा-नाटकवाल्यांची एक संस्था, व्हरायटी क्लब. या क्लबची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९२८ च्या नाताळच्या आदल्या रात्री पिट्सबर्गमधल्या एका थिएटरात कुणीतरी महिन्याभराची तान्ही मुलगी सोडून गेलं होतं. क्लबच्या अकरा सदस्यांनी तिची जबाबदारी उचलली आणि तिथून हा क्लब मुलांसाठी काम करू लागला. नाटक-सिनेमाच्या लोकांना लोकांचं मन कसं वळवायचं हे चांगलं ठाऊक असतं. बॉस्टनच्या शाखेनं फार्बर यांना सुचवलं, आकडे सांगून लोक खिशात हात घालत नाहीत, त्यांना एक मूल दाखवा.

फार्बर यांच्या वॉर्डात मेन राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला बारा वर्षांचा मुलगा होता, एइनर गुस्ताफसन. त्याच्या आतड्याला कर्करोग झाला होता. मुलगा हसरा, बोलका आणि बेसबॉलचा वेडा. बॉस्टन ब्रेव्ह्ज हा त्याचा जीव की प्राण असलेला संघ. त्याचं खरं नाव जगजाहीर होऊ नये म्हणून फार्बर यांनी त्याला नाव दिलं जिमी.

२२ मे १९४८, शनिवारची रात्र. देशभर ऐकल्या जाणाऱ्या एका रेडिओ कार्यक्रमाचे निवेदक राल्फ एडवर्ड्स हॉलिवूडमधून जिमीशी बोलत होते. जिमी बॉस्टनमध्ये आपल्या खाटेवर. तुझा आवडता खेळाडू कोण, असं विचारत गेले आणि जिमी नाव घेईल तो खेळाडू खरोखरच त्याच्या खोलीत शिरू लागला! बघता बघता सगळा संघ त्याच्या खाटेभोवती जमला. बॅट, चेंडू, गणवेश, सगळं त्याच्या हातात. शेवटी सगळ्यांनी मिळून बेसबॉलचं गाणं म्हटलं, जिमीनं तर अगदी बेसूर आणि मनापासून! श्रोत्यांना सांगण्यात आलं की वीस हजार डॉलर जमले तर जिमीला सामने बघायला टीव्ही मिळेल.

लोक रडले, हसले आणि उठून रुग्णालयाकडे निघाले. पत्रांतून नाणी आली, मुलांनी आपले गल्ले फोडले. वीस हजार मागितले होते, त्या वर्षी जमले दोन लाख एकतीस हजारांहून जास्त डॉलर. जिमीला टीव्ही मिळाला आणि जिमी फंड सुरू झाला. थिएटरांतून डबे फिरू लागले. पुढे ब्रेव्ह्ज संघ शहर सोडून गेला तेव्हा १९५३ पासून बॉस्टनच्या रेड सॉक्स संघानं हे काम हाती घेतलं. आज जगभर आजारी मुलांसाठी मोठमोठे निधी-समारंभ होतात, कुणाच्या तरी स्मरणार्थ मेजवान्या होतात, मुलांची सेवा करणाऱ्यांचा सत्कार होतो. त्या सगळ्यामागे अशा एका रात्रीची पुण्याई आहे.

एक गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. मुलाचा आवाज देशानं ऐकला, पण मुलगा कोण हे देशाला कळू दिलं नाही. आज मदतीसाठी आजारी मुलांचे फोटो नाव-गावासकट मोबाइलवर फिरतात. शाळेच्या ग्रुपवर असा संदेश टाकण्याआधी फार्बर यांची ही काळजी आपण आठवावी. मूल बरं होऊन उद्या शाळेत येणार आहे, त्याची ओळख आजारावरून पडू नये.

आणि जिमीचं पुढे काय झालं? बहुतेकांनी धरून चाललं होतं की तो केव्हाच गेला असेल. १९९८ साली, त्या रात्रीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, एइनर गुस्ताफसन जगासमोर आले. ते बरे झाले होते, लग्न झालं होतं, ट्रक चालवून त्यांनी संसार केला होता. २००१ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

खेळघरासारखं रुग्णालय

जमलेल्या पैशांतून उभी राहिलेली इमारत १९५२ च्या जानेवारीत सुरू झाली. तळघरात वीस वर्षं काढलेल्या माणसानं मुलांसाठी काय बांधलं असेल? भिंतींवर परीकथांतली चित्रं, डुलणारे घोडे, खेळण्यातली आगगाडी. मुलाला आपण दवाखान्यात आलो आहोत हे घटकाभर विसरता यावं म्हणून.

फार्बर यांचा एक आग्रह होता. उपचार फक्त रोगावर करायचा नाही, सगळ्या कुटुंबाला सांभाळायचं. म्हणून डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, समाजसेवक, सगळे एकाच छताखाली. आईला झोप लागत नाही, बापाची नोकरी जायची वेळ आली, घरातल्या धाकट्याकडे कुणाचं लक्ष नाही, हे सगळं उपचाराचाच भाग. आणि यासाठी कुटुंबाकडून पैसे घ्यायचे नाहीत. आज हे सगळीकडे मान्य आहे, तेव्हा ते नवीन होतं.

पुढची वर्षं

१९५० च्या दशकाच्या मध्यात फार्बर यांनी सेलमन वॉक्समन यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं अ‍ॅक्टिनोमायसिन डी हे औषध वापरून बघितलं. मुलांच्या मूत्रपिंडात होणारी विल्म्स ट्यूमर नावाची गाठ फुप्फुसांत पसरलेली असतानाही या औषधानं आणि किरणोपचारानं विरघळताना दिसली. ल्युकेमियावर मात्र एकट्या औषधानं भागत नव्हतं. पुढच्या पिढीतल्या डॉक्टरांनी अनेक औषधं एकत्र वापरायला सुरुवात केली आणि काही महिन्यांचा उतार हळूहळू कायमचा होऊ लागला. अ‍ॅमिनोप्टेरिनचा धाकटा भाऊ म्हणता येईल असं मेथोट्रेक्सेट आजही या उपचारात वापरलं जातं.

न्यूयॉर्कच्या समाजसेविका मेरी लास्कर यांच्याबरोबर फार्बर सरकारदरबारी खेटे घालत राहिले. कर्करोगाच्या संशोधनाला सरकारनं भरघोस पैसा द्यावा यासाठी. अखेर २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली. थोड्याच वर्षांत कर्करोग हटेल अशी तेव्हा अनेकांची अपेक्षा होती, ती काही पूर्ण झाली नाही. पण संशोधनाचा पाया भक्कम झाला.

३० मार्च १९७३ रोजी आपल्या कार्यालयात काम करत असतानाच हृदयविकाराच्या झटक्यानं फार्बर यांचं निधन झालं. वय ६९. त्यांनी उभी केलेली संस्था आज डाना-फार्बर कर्करोग संस्था म्हणून जगभर ओळखली जाते.

आपल्या मुंबईचा धागा

फार्बर तळघरात काम करत होते त्याच काळात, १९३१ साली, सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा यांचं ल्युकेमियानं निधन झालं. पैसा होता, परदेशातले डॉक्टर होते, पण इलाज नव्हता. दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला आणि थोड्याच दिवसांत तेही गेले. पुढे टाटांच्या विश्वस्त संस्थेनं परळमध्ये टाटा स्मारक रुग्णालय उभारलं, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. लुसी विल्स यांनी जिथं काम केलं, त्याच परळमध्ये! माझी विद्यार्थिनी बरी झाली ती तिथेच. गावाकडून आलेल्या अशा मुलांना आई-वडिलांसह मोफत राहायला जागा देणारी सेंट ज्यूड इंडियासारखी संस्थाही मुंबईत काम करते आहे. आमच्या मुलीचे आई-वडील सुरुवातीला काही रात्री फूटपाथवर झोपले होते. अशी सोय असते हेच त्यांना माहीत नव्हतं. म्हणून शिक्षकांनी ही माहिती जवळ ठेवावी. कधी कुणाला लागेल, सांगता येत नाही.

प्रगत देशांत आज मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियातून दहापैकी सुमारे नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी पडतं. निदान उशिरा होतं, पैसे संपतात, उपचार अर्ध्यावर सुटतात. औषध सापडलं आहे. मूल त्या औषधापर्यंत वेळेत पोहोचणं आणि शेवटपर्यंत टिकणं हे काम राहिलं आहे, आणि त्यात शाळेचा वाटा आहे.

आपण काय करू शकतो?

- बराच काळ न जाणारा ताप, पांढुरका चेहरा, अंगावर विनाकारण डाग, हाडांचं दुखणं असं दिसलं तर पालकांना बोलावून मुलाला डॉक्टरांकडे न्यायला सांगावं. घाबरवू नये, बहुतेक वेळा कारण साधंच निघतं.
- कर्करोग संसर्गजन्य नाही, शेजारी बसल्यानं, डबा वाटून खाल्ल्यानं होत नाही, हे वर्गाला स्पष्ट सांगावं. उलट उपचार घेणाऱ्या मुलालाच आपल्या सर्दी-तापाचा धोका असतो, म्हणून सर्दी झालेल्यानं थोडं लांब बसावं.
- मूल रजेवर असताना त्याची जागा, हजेरीतलं नाव, भिंतीवरचं चित्र तसंच ठेवावं. वर्गानं पत्रं लिहावीत.
- परत आल्यावर कीव करू नये. गृहपाठ द्यावा, चुकलं तर सांगावं. मुलांना तेच हवं असतं.

माझ्या त्या विद्यार्थिनीचे केस आता पुन्हा आले आहेत, चांगले कुरळे आले आहेत. मागच्या आठवड्यात निळी गोळी वाटताना मी लुसी विल्स आणि सुब्बाराव यांची गोष्ट वर्गाला सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बाई, मग त्या पहिल्या बाळाचं काय झालं? मी खरं तेच सांगितलं. ते वाचलं नाही, पण त्याच्यामुळे डॉक्टरांना रस्ता सापडला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग ज्या मुलानं वर्षापूर्वी मला तो प्रश्न विचारला होता, त्यालाच तिनं गोळी तोंडात टाकायला लावली.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. फार्बर यांचा पहिला प्रयोग फसला. त्या चुकीतून त्यांना कोणता नवा विचार सुचला?
२. औषध तात्पुरतंच गुण देणारं असेल तर ते द्यावं का? दोन्ही बाजूंनी बोला.
३. जिमीचं खरं नाव का लपवलं असेल? मोबाइलवर आजारी मुलाचा फोटो पुढे पाठवताना आपण काय विचार करावा?
४. या गोष्टीत लुसी विल्स, सुब्बाराव आणि फार्बर अशी तीन माणसं आहेत. तिघांपैकी एक जरी नसतं तर काय झालं असतं?
५. आज घरी जेवताना, वाचलेली एक गोष्ट सगळ्यांना समजावून सांगा आणि उद्या वर्गात सांगा की कुणी काय प्रश्न विचारला.